येणे बाकी

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की बालाघाटच्या डोंगरात मांजरसुंबा लागते आणि तेथून आत वळल्यावर थोड्याच वेळात कपिलधारला पोहोचता येते. कपिलमुनींनी येथे तप केले, अशी श्रद्धा आहे. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत रचून वीरशैव विचार सामान्य माणसाच्या दारापर्यंत नेणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी येथेच आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरचे लिंगायत बांधव पायी चालत येतात. आम्ही बीडकर मात्र लहानपणापासून तेथे जात आलो ते श्रावण-भाद्रपदात. कारण पाऊस चांगला झाला की कड्यावरून कोसळणारी धार त्या दिवसांत पाहण्यासारखी असते. मोंढ्यात जैन आणि लिंगायत व्यापाऱ्यांचे ओटे एकमेकांना लागून. त्यामुळे त्यांचे देवस्थान आम्हाला कधी परके वाटले नाही.

२०२२ साली पर्युषण सुरू होण्यापूर्वीच्या रविवारी मी मुलगा, सून आणि नातू यांच्याबरोबर कपिलधारला गेलो होतो. माझ्या खिशात एक छोटी डायरी होती. तिच्याविषयी घरात कोणालाही ठाऊक नव्हते. त्या डायरीची आणि ती ज्यांच्यामुळे मला जड वाटू लागली, त्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याची हकीकत आज सांगावी असे वाटते. पर्युषणाच्या दिवसांत आपण सारेच आपापल्या मनाची झडती घेत असतो. माझ्या झडतीत जे सापडले ते कदाचित आणखी कोणाच्या घरातही असेल.

डायरीत एकच खाते होते. वडील गेल्यानंतर १९९४ मध्ये आमच्या घरची वाटणी झाली. मोंढ्यातले आडत दुकान मोठ्या भावाकडे, म्हणजे आमच्या भाईजींकडे राहिले. मी बँकेच्या नोकरीत होतो. मला दुकान नकोच होते. मला एक प्लॉट आणि रोख ४०,००० रुपये द्यावेत, असे चार वडीलधाऱ्यांसमोर ठरले. प्लॉट मिळाला. रोख रकमेबाबत ‘सीझन झाला की देतो’ असे भाईजी म्हणाले. तो सीझन आला आणि गेला; पुढचाही गेला. त्यांनी दिले नाहीत आणि मी मागितले नाहीत. न मागणे हा मी माझ्या मनाचा मोठेपणा समजत होतो. परंतु त्याच वर्षी मी ती रक्कम डायरीत टिपून ठेवली आणि पुढे दर ३१ मार्चच्या रात्री, शाखेची वर्षअखेर आटोपून घरी आलो की, दरसाल दरशेकडा १२ टक्क्यांनी चक्रवाढ व्याज लावून नवी बाकी काढू लागलो. डायऱ्या बदलल्या, बाकी पुढे ओढली जात राहिली. ३१ मार्च २०२२ रोजी ४०,००० रुपयांचे ९,५५,३५५ रुपये झाले होते.

या अठ्ठावीस वर्षांत आमचे भांडण असे एकदाही झाले नाही. लग्नकार्यात आम्ही शेजारी शेजारी जेवलो. दर संवत्सरीला मी त्यांना न चुकता फोन केला, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले, त्यांनीही म्हटले. मात्र फोन खाली ठेवताना डायरीतला आकडा माझ्या डोळ्यांसमोर असे. प्रतिक्रमणात बसलो की पाठ ओठांवर चाले आणि हिशोब आत चाले. बाहेरून पाहणाऱ्याला आम्ही एक सुखी कुटुंब दिसत होतो. माझ्या मुलांनाही त्यांचे काका फक्त सणासुदीला का भेटतात, हे कधी कळले नाही.

२००३ ते २००६ या काळात माझी नेमणूक श्रीरामपूरच्या एका शाखेत होती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जेझुइट धर्मगुरूंनी खेड्यापाड्यांत शाळा आणि वसतिगृहे चालवली. त्यामुळे त्या भागात मराठी बोलणारी कॅथलिक कुटुंबे पुष्कळ आहेत. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची मोठी यात्रा भरते. आमच्या शाखेचे हेड कॅशियर त्यांतल्याच एका कुटुंबातले, एका लहान गावातून आलेले गृहस्थ. माझ्याहून वयाने थोडे मोठे, बोलणे मोजके, अक्षर मोत्यासारखे.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक अधिकाऱ्याकडे, एक कॅशियरकडे. दोघे एकत्र असल्याशिवाय ती उघडत नाही की बंद होत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी, सारे घरी गेल्यावर, आम्ही दोघे मागे उरत असू. रोकड आत ठेवून कुलूप लावल्यानंतर ते लगेच उठत नसत. पाच मिनिटे डोळे मिटून बसत आणि मग खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलने काही ठिपके देत. कित्येक दिवस मला वाटले, हा काही रोकडीचाच हिशोब असावा. शेवटी न राहवून विचारले.

ते हसून म्हणाले, “साहेब, हा दुसरा रोजमेळ आहे.”

मग त्यांनी समजावून सांगितले. इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातील स्पॅनिश संताने जेझुइट संघाची स्थापना केली. १५४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या साधनापुस्तिकेत रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत घालून दिलेली आहे. प्रथम दिवसभरात लाभलेल्या चांगल्याबद्दल देवाचे आभार, मग स्वतःचे दोष दिसावेत म्हणून त्याच्याकडे प्रकाशाची याचना, मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने आठवणे, मग क्षमायाचना, आणि शेवटी उद्यासाठी निश्चय. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल तर वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघा आखायच्या आणि तो दोष घडेल तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. कालच्याशी आज आणि गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा. लहानपणी शाळेतल्या फादरांनी हे शिकवले होते आणि त्यांनी ते पुढे आयुष्यभर धरून ठेवले होते.

मला मोठे नवल वाटले. देवसी आणि राईसी प्रतिक्रमण, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक आलोचना हे सारे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. दोषांची उजळणी करण्याची ही शिस्त माझ्या ओळखीची होती. फरक एवढाच होता की त्यांच्या वहीत रोज खरे ठिपके पडत होते, आणि माझ्या डायरीत फक्त दुसऱ्याच्या नावावरचे व्याज चढत होते.

त्यानंतरच्या वर्षी एक प्रसंग घडला. गर्दीच्या दिवशी त्यांच्याकडून एका व्यापाऱ्याला दहा हजार रुपये जास्त दिले गेले. संध्याकाळी रोकड कमी भरली. त्यांना पक्के आठवत होते, पण व्यापाऱ्याने साफ नाकारले. नियमाप्रमाणे ती तूट कॅशियरने स्वतः भरून द्यायची असते. त्यांनी ती भरली. त्यांच्या पगारात ती रक्कम लहान नव्हती. दोन-तीन महिन्यांनी तोच व्यापारी फाटक्या नोटा बदलून घ्यायला त्यांच्या खिडकीशी आला, आणि त्यांनी त्याला इतरांशी वागतात तसेच शांतपणे, ‘या, बसा’ म्हणून काम करून दिले. मला राग आवरेना. संध्याकाळी मी म्हटले, “तुम्ही हे कसे करू शकता?”

ते म्हणाले, “साहेब, आमच्या प्रार्थनेत ऋण हाच शब्द आहे. रोज रात्री मी देवाला म्हणतो की माझे ऋण सोड, आणि त्याच दमात सांगतो की मीही माझ्या ऋणकोंचे सोडले आहे. या माणसाचे येणे मनात ठेवून ते वाक्य तोंडातून कसे काढू? खोटी सही केल्यासारखे होईल ते.”

मग त्यांनी येशूने सांगितलेला एक दृष्टांत सांगितला. राजाकडे एका चाकराचे दहा हजार तालांत कर्ज होते. त्याने पाया पडून विनवणी केली आणि राजाने सारे कर्ज सोडले. बाहेर पडताच त्या चाकराला त्याचा एक सोबती भेटला. त्याच्याकडे शंभर दिनार येणे होते. चाकराने त्याची मानगूट धरली आणि त्याला तुरुंगात टाकले. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एक दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, असे त्यांनी सांगितले. मी सवयीने मनातल्या मनात गुणाकार केला. सहा कोटी दिवसांची मजुरी ज्याला सुटली, तो शंभर दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. एकास सहा लाख असे हे प्रमाण.

“बँकेत येणे ठेवावेच लागते, साहेब,” ते किल्ली खिशात टाकत म्हणाले, “घरी ठेवू नये.”

मी विषय बदलला. त्यांना माझ्या डायरीविषयी काही ठाऊक असणे शक्यच नव्हते, तरी मला उघडे पडल्यासारखे वाटले. माझी बदली झाली तेव्हा निरोप म्हणून त्यांनी मला लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ भेट दिले. “आम्ही कॅथलिक आणि टिळक प्रॉटेस्टंट, पण हे पुस्तक साऱ्यांचेच आहे,” असे ते म्हणाले होते.

ते पुस्तक मी पुढे दोनदा वाचले. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो घाव होता. त्या कित्येक वर्षे पतीपासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. परतल्या त्याही आपले सोवळे सांभाळूनच. पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनी एकेक बंधन सोडले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आपल्याला त्यांच्या धर्मांतराशी कर्तव्य नाही. मला त्या पुस्तकात भावली ती त्यांची स्वतःकडे पाहण्याची रीत. स्वतःचा हट्ट, भीती, रुसवे, फजिती हे सारे त्या जसेच्या तसे मांडतात. पतीचा तापट स्वभाव सांगतात तेव्हाही त्याचे येणे वसूल करण्याचा सूर त्यात नसतो. आणि टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून भगवी वस्त्रे धारण केली, हे वाचताना वाटले की बाहेरचे सोडणे माणसाला एका दिवसात जमते. आतले सोडायला मात्र लक्ष्मीबाईंसारखी वर्षे जातात.

२००८ साली केंद्र सरकारची शेतकरी कर्जमाफी आली, तेव्हा मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांची पात्र थकबाकी पूर्ण माफ झाली. मोठ्या शेतकऱ्यांना ७५ टक्के भरल्यास २५ टक्के सवलत होती. माफीची प्रमाणपत्रे वाटताना एका वृद्ध शेतकऱ्याने ती हातात घेतली आणि विचारले, “साहेब, म्हणजे आता तुमच्या वहीत माझे नाव नाही ना?” मी नाही म्हटले. दारापर्यंत जाऊन ते परत आले आणि पुन्हा तेच विचारले. पैसे सुटले यापेक्षा वहीतून नाव गेले, याचे त्यांना अधिक होते.

बँकेत दोन गोष्टींची गल्लत होऊ देत नाहीत. एक निर्लेखन आणि दुसरी माफी. कर्ज वसूल होण्याची आशा संपली की बँक ते निर्लेखित करते, म्हणजे ताळेबंद स्वच्छ दिसावा म्हणून ते खाते बाजूला काढते. परंतु ऋणकोवरचा हक्क सोडत नाही. नोटिसा जातात, दावे चालतात, वसुली सुरूच राहते. माफीमध्ये हक्कच संपतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात. त्या शेतकऱ्याच्या दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागली नाही. दर संवत्सरीला मी भाईजींचे खाते निर्लेखित करीत होतो आणि लोकांत त्याला क्षमापना म्हणत होतो.

इतके कळूनही पुढची चौदा वर्षे डायरी चालूच राहिली. कळणे आणि सुटणे यांत अंतर असते, ते असे.

आता पुन्हा कपिलधारला येतो. त्या रविवारी धार भरून कोसळत होती. अप्कायिक जीवांची विराधना नको म्हणून मी पाण्यात उतरलो नाही. काठाच्या दगडावर बसून राहिलो. नातू वडिलांचा हात धरून खाली वाकला होता आणि एका काटकीने पाण्यावर आपले नाव लिहीत होता. लिहिता लिहिता अक्षर पुसले जाई आणि तो हसून पुन्हा लिही. आठवड्यापूर्वीच स्थानकात महासतीजींनी कषायांवर व्याख्यान दिले होते. क्रोधाचे चार प्रकार आपण सारे ऐकत आलो आहोत. संज्वलन क्रोध पाण्यावरच्या रेघेसारखा, पंधरा दिवसांच्या आत विरणारा. प्रत्याख्यानावरण वाळूतल्या रेघेसारखा, चार महिन्यांचा. अप्रत्याख्यानावरण कोरड्या जमिनीच्या भेगेसारखा, वर्षभराचा. पुढच्या पावसाने बुजणारा. आणि अनंतानुबंधी म्हणजे डोंगराच्या खडकाला गेलेली चीर, जन्मभर न सांधणारी. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण त्या त्या मुदतीवर का ठेवले आहे, हे या हिशोबाने लक्षात येते. संवत्सरी ओलांडून गेलेला राग सम्यक्त्वालाच धक्का लावतो.

बँकेतही असेच आहे. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक. त्यानंतर बारा महिने उलटले की संशयित. आणि शेवटी बुडीत. ही वर्गवारी मी नोकरीत हजारो खात्यांना लावली. माझे स्वतःचे एक खाते अठ्ठावीस संवत्सरी ओलांडून गेले होते, त्याला मी कधीच लावली नाही. समोर पाण्यावरची रेघ होती आणि तिच्या मागे, धारेच्या कडेला, चिरा गेलेला काळा कडा होता. मला कुठे बसायचे आहे, हे ठरवण्याची वेळ आली होती.

मी डायरी काढली. श्रीरामपूरच्या त्या गृहस्थांची रीत आठवली. परीक्षणाचा आरंभ तक्रारीने नाही, तर लाभलेल्याच्या आठवणीने करायचा. डावीकडचे येण्याचे पान भरलेले होते. उजवीकडचे देण्याचे पान अठ्ठावीस वर्षे कोरे होते. त्यावर काय येईल, याचा मी प्रथमच विचार करू लागलो.

१९७७ ते १९७९ ही दोन वर्षे मी एमकॉमसाठी औरंगाबादला होतो. दर महिन्याच्या पाच तारखेला भाईजींची १२५ रुपयांची मनीऑर्डर येई. खालच्या छोट्या तुकड्यावर मजकुराला जागा असे दोन ओळींची. तेथे ते प्रत्येक वेळी एकच लिहीत : खाण्याची आबाळ करू नकोस. चोवीस मनीऑर्डरींचे ३,००० रुपये. माझ्याच दराने, माझ्याच पद्धतीने मी त्यांवर व्याज लावून पाहिले. ३ लाख ९२ हजारांच्या वर आकडा गेला. तो लिहिताना मला पहिल्यांदा लाज वाटली. आणि मग आठवले की भाईजी वर्गात माझ्यापेक्षा हुशार होते. मॅट्रिकनंतर वडिलांचे दुखणे सुरू झाले तेव्हा कॉलेजचा अर्ज बाजूला ठेवून ते दुकानाच्या गादीवर बसले, म्हणून दहा वर्षांनी मी शिकू शकलो. त्या सोडून दिलेल्या शिक्षणावर कोणत्या दराने व्याज लावायचे? माझी पदवी, नोकरी, निवृत्तिवेतन, माझ्या मुलांचे शिक्षण या साऱ्यांखालचा पहिला दगड त्यांचा होता. माझे शंभर दिनार मी व्याजासह जपून ठेवले होते, आणि दहा हजार तालांत वहीत लिहायचेच राहून गेले होते.

संवत्सरीच्या आदल्या दिवशी दुपारी मी भाईजींच्या घरी गेलो. फोन केला नाही. येशूच्या उपदेशात असे एक सांगणे आहे की अर्पण घेऊन वेदीपाशी गेल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे. आपल्या परंपरेतही समोरासमोर जाऊन खमावल्याशिवाय प्रतिक्रमण पुरे होत नाही; मी मात्र फोनवर भागवत आलो होतो.

भाईजी पंचाहत्तर वर्षांचे आहेत. दुकान आता पुतण्या पाहतो. मी पाया पडलो आणि म्हटले, “भाईजी, तुमच्या मनीऑर्डरींबद्दल मी कधी काही बोललो नाही. आणि तुमच्याविषयी अठ्ठावीस वर्षे मनात वाकडे धरून बसलो. मिच्छामि दुक्कडम्.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू हिशोबाला पक्का. तू दारात आलास की मला वाटायचे, आज हा कागद काढणार.”

एवढेच. ४०,००० रुपयांचे त्या वर्षी काय झाले, ते त्यांनी सांगितले नाही. माझ्यातला जुना अधिकारी क्षणभर जागा झाला. त्याला खुलासा हवा होता, व्हाउचर हवे होते. मी त्याला बसवून ठेवले. खुलासा मिळाल्यावर सोडले असते तर ती तडजोड झाली असती. त्या रकमेचे काय झाले हे मला आजही माहीत नाही, आणि ते माहीत नसताना सोडता आले यातच माझ्या सुटण्याची परीक्षा होती. मात्र त्यांचे ते वाक्य माझ्या मनात खोल रुतले. मी काही मागत नाही म्हणून स्वतःला मोठा समजत होतो, आणि माझ्या प्रत्येक पावलाचा आवाज त्यांना वसुलीच्या नोटिशीसारखा ऐकू येत होता. भाभीजींनी सूर्यास्ताआधी जेवूनच जायचे म्हणून आग्रह धरला. वाटणीनंतर त्या घरात, कार्यप्रसंग सोडून, मी जेवलो तो पहिला दिवस.

घरी येऊन डायरीतल्या बाकीखाली दोन रेघा ओढल्या आणि ‘खाते बंद’ असे लिहिले. प्रतिक्रमणात ‘वोसिरामि’ हा शब्द आपण किती वेळा उच्चारतो. वोसिरामि म्हणजे मी सोडतो. हा शब्द मला त्या संध्याकाळी प्रथम समजला असे वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दोन्ही धर्म सारखेच सांगतात, असे म्हणून मला मोकळे व्हायचे नाही. माझ्या त्या सहकाऱ्याच्या श्रद्धेत क्षमेचा झरा वरून येतो. देवाने आपले अपरिमित ऋण कृपेने सोडले आहे, म्हणून आपण दुसऱ्याचे सोडायचे. आपल्या धर्मात असा ऋणमोचक नाही. अरिहंत मार्ग दाखवतात, आपले खाते भरत नाहीत. ज्याचे कर्म त्यानेच फेडायचे. त्यामुळे आपल्याकडे द्वेष सोडण्याचे कारणही वेगळे आहे. येणे मनात धरून ठेवले तर त्याचे व्याज ऋणकोवर चढत नाही. ते धनकोच्याच आत्म्यावर नव्या कर्माच्या रूपाने चढते. अठ्ठावीस वर्षे मी मांडत होतो ते व्याज प्रत्यक्षात माझ्याच नावे पडत होते. हे तत्त्व मी लहानपणापासून ऐकलेले. पण ते दाखवले एका ख्रिस्ती माणसाने, त्याच्या पेन्सिलच्या ठिपक्यांनी. शेजाऱ्याच्या दिव्याने आपल्याच घरात हरवलेली वस्तू सापडावी तसे झाले. दिवा शेजाऱ्याचा होता, हे सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही.

आपण व्यापारी माणसे. वह्या ठेवणे हा आपला धर्म आहे आणि तो सोडावा असे मी म्हणणार नाही. दुकानाची उधारी वसूल केलीच पाहिजे. त्याशिवाय पेढी चालत नाही. परंतु भावाच्या, भागीदाराच्या, जावयाच्या, विहिणीच्या नावाने मनात एखादी वेगळी वही चालू असेल तर या पर्युषणात ती एकदा उघडून पाहावी. येण्याचे पान आपण सारेच नीट लिहितो. देण्याचे पान कोरे आहे का, एवढे पाहावे.

माझी वही बंद झाली तरी सवय मेलेली नाही. पुढच्या ३१ मार्चच्या रात्री हात आपोआप कपाटाकडे गेला होता. आजही एखादे वेळी तो आकडा मनात उमटतो. तेव्हा मी डोळे मिटून पाच मिनिटे बसतो आणि एका छोट्या वहीत पेन्सिलने एक ठिपका देतो. गेल्या आठवड्यात तीन ठिपके पडले. या आठवड्यात अजून एकच आहे.